कर्णबधिर मुलीच्या कॉलेजसाठी पैसे कुठून उभे करायचे?

भांडुपच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी यंदा बारावी कॉमर्सला. दोन्ही कानांना मशीन, ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर) दोन्ही कानांची सरासरी ६५ डेसिबलच्या आसपास. लहानपणी काढलेलं कागदी अपंगत्व प्रमाणपत्र आहे, त्यावर ४६ टक्के लिहिलेलं. घरात एकच पगार, वर्षाला ३ लाख ४० हजार. मुलीला कॉम्प्युटरमधलं काही शिकायचं आहे. वडील विचारतात, "कर्णबधिर मुलांच्या कॉलेजसाठी सरकारचा वेगळा फंड असतो असं ऐकलं. तो कुठे मिळतो?"

दादा, बावीस वर्षं मी मुंबईत कर्णबधिर मुलांबरोबर काम करते. आधी शाळेत विशेष शिक्षिका होते, आता दहावी-बारावीनंतरच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना मार्गदर्शन करते. तुमचा हा प्रश्न दर वर्षी मे महिन्यात माझ्याकडे येतो, आणि मे महिन्यात आला की मला वाईट वाटतं, कारण तोवर निम्मं काम होऊन जायला हवं असतं. तुम्ही बारावीची परीक्षा व्हायच्या आधी विचारलंत. हातात वेळ आहे.

असा एक फंड नाही. एका खिडकीवर गेलो, फॉर्म भरला आणि तीन वर्षांची फी सुटली, असं होत नाही. चार-पाच ठिकाणांहून थोडं थोडं जमवावं लागतं, आणि ते कोणत्या क्रमाने जमवता त्यावर सगळं ठरतं. बहुतेक पालक शिष्यवृत्तीपासून सुरुवात करतात. माझ्या मते शिष्यवृत्ती तिसऱ्या क्रमांकावर येते. आधी प्रमाणपत्र, मग जागा, आणि मग शिष्यवृत्ती.

प्रमाणपत्रापासून सुरू करते. तुमच्याकडे आहे ते जुनं कागदी आहे. १ जून २०२१ पासून देशभर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र स्वावलंबन पोर्टलवरूनच देतात आणि त्याबरोबर युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. शिष्यवृत्तीचे अर्ज, सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षेचे फॉर्म, परीक्षेतला जादा वेळ, सगळीकडे आता हाच नंबर मागतात. तेव्हा आजच पोर्टलवर अर्ज करा. मुंबईत जे.जे., केईएम, सायन, नायर, कूपर या रुग्णालयांत तपासणी होते. ऐकण्याच्या तपासणीसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ पासून हे काम तिथे चालतं, आणि एवढी मोठी संस्था आपल्या शहरात आहे हेच अनेक मुंबईकरांना माहीत नसतं. जुन्या प्रमाणपत्रावर मुदतीची तारीख आहे का तेही पाहा. लहान मुलांना बऱ्याचदा ठरावीक वर्षांपुरतं प्रमाणपत्र देतात, आणि ती मुदत संपलेली असल्याचं नेमकं प्रवेशाच्या दिवशी कळतं.

तपासणीला जाताना दोन गोष्टी सांभाळा. कान आधी डॉक्टरांकडून साफ करून घ्या. मळ किंवा सर्दी असेल तर आकडा चुकीचा येतो आणि पुन्हा बोलावतात. दुसरं म्हणजे, तपासणी मशीन काढूनच होते. मशीन लावून किती ऐकू येतं याच्यावर टक्केवारी ठरत नाही. मशीनमुळे मुलगी छान बोलते, म्हणून तिला काही मिळणार नाही, असं समजून घरी बसलेले पालक मी पाहिलेत.

टक्का कसा काढतात तेही समजून घ्या, म्हणजे तिथे गोंधळ होणार नाही. ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ या चार सुरांवर प्रत्येक कानाची सरासरी काढतात आणि तक्त्यावरून त्या कानाचा टक्का ठरवतात. मग जो कान त्यातल्या त्यात बरा आहे त्याचा टक्का पाचने गुणतात, दुसऱ्या कानाचा त्यात मिळवतात आणि सहाने भागतात. म्हणजे एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा ठणठणीत असेल, तर १०० भागिले ६, जेमतेम १७ टक्के. सवलतींसाठी किमान ४० लागतात. एका कानाने ऐकू न येणाऱ्या मुलांना वर्गात खरोखर त्रास होतो, पण या हिशेबात ती बसत नाहीत, आणि त्यांच्या पालकांना हे सांगताना मला आजही जड जातं. तुमच्या मुलीचे दोन्ही कान ६५च्या घरात आहेत. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ६० ते ७० डेसिबलचा गट ‘ऐकू कमी येणारे’ म्हणून आणि ७०च्या पुढचा ‘कर्णबधिर’ म्हणून धरला आहे. ती पहिल्या गटात येते. दोन्ही गटांना शिक्षणातले हक्क सारखेच आहेत.

आता जागा. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पैसा खरा इथेच वाचतो.

मुंबईत एकाच इमारतीत, एकाच नावाच्या कॉलेजात दोन प्रकारचे वर्ग चालतात. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. हे जुने अभ्यासक्रम बऱ्याच ठिकाणी अनुदानित असतात, आणि त्यांची फी तुमच्या-माझ्यासारख्याला झेपणारी असते. बी.एस्सी. आयटीसारखे नंतर आलेले अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणारे, असतात. तिथली फी कित्येक पट असते. दोन्हींचं प्रॉस्पेक्टस एकच, गेट एकच, कँटीनही एकच, त्यामुळे पालकांच्या हा फरक लक्षातच येत नाही. माझ्याकडच्या एका मुलाच्या आईने तीन वर्षं दागिने गहाण ठेवून फी भरली. त्याच कॉलेजात अनुदानित बी.एस्सी.ला कॉम्प्युटर सायन्स होतं आणि त्याला तिथे प्रवेशही मिळाला असता. प्रवेशाच्या वेळी कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं असतं हे त्या माऊलीला ठाऊक नव्हतं. म्हणून खिडकीवरचा पहिला प्रश्न लिहून न्या: "हा वर्ग अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित?"

आणि दुसरा प्रश्न: "दिव्यांगांच्या ५ टक्के जागांतून अर्ज कसा करायचा?" त्याच २०१६च्या कायद्याचं कलम ३२ सांगतं की सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांनी किमान ५ टक्के जागा ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी ठेवायच्या, आणि वयात ५ वर्षांची सूट द्यायची. ही मेहेरबानी नाही, कायदा आहे. क्लार्कला माहीत नसेल तर भांडू नका, प्राचार्यांच्या नावाने साधा अर्ज लिहा, कलमाचा उल्लेख करा आणि पोच घ्या. ऑनलाइन फॉर्ममध्ये दिव्यांग हा रकाना भरायला विसरू नका. 'मुलगी नॉर्मल मुलांच्या बरोबरीने जावी' म्हणून तो रकाना मुद्दाम रिकामा ठेवणारे पालक असतात. त्यांची भावना मला कळते. पण एकदा रिकामा सोडला की पुढच्या सगळ्या सवलती त्या वर्षापुरत्या हातातून जातात.

तुमच्या मुलीला कॉम्प्युटर हवंय, तेव्हा तिच्यापुरतं बोलते. बी.एस्सी. आयटीला बारावीचं गणित लागतं. तिने अकरावीला गणित सोडून एस.पी. (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस) घेतलं असेल तर ते दार बंद, आणि त्याचं फार दुःख करू नका, कारण ते महागडं दार आहे. बीसीए या कॉम्प्युटरच्या पदवीचा प्रवेश २०२४-२५ पासून राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होऊ लागला आहे. याचा मुलींना मोठा फायदा होऊ शकतो. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या आणि वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही. यातल्या एखाद्या गटात बसत असाल तर त्याचा दाखला आत्ताच काढा. एक धोका सांगून ठेवते: मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवरून घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. "सीईटी कशाला, थेट देतो ना प्रवेश," असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. आणि यादीत नाव आलं की फी भरण्याआधी कॉलेजला विचारा की या जागेला मुलींची माफी लागू आहे ना.

तिला पुढे आयआयटीसारख्या संस्थेत जायचं असेल तर तेही ऐकून ठेवा. पवईच्या आयआयटीसह सगळ्या आयआयटींमध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांची बी.टेक.ची शिकवणी फी पूर्ण माफ असते. कित्येक हुशार कर्णबधिर मुलं 'आपल्याला परवडणार नाही' म्हणून त्या वाटेला जातच नाहीत, आणि माफीचं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आता शिष्यवृत्ती. केंद्र सरकारच्या दिव्यांग सक्षमीकरण विभागाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असते, अकरावीपासून पदव्युत्तरपर्यंत. फीचा परतावा वर्षाला दीड लाखापर्यंत, शिवाय दरमहा निर्वाहभत्ता, पुस्तकांचे आणि दिव्यांगत्वाचे वेगळे पैसे. योजना चांगली आहे, पण पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. तुमचं ३ लाख ४० हजार आहे, म्हणजे ही तुमच्यासाठी नाही. कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की दोन लाखांचा दाखला काढून देतो. नका काढू. पगाराची स्लिप आणि दाखला जुळला नाही तर पैसे परत भरावे लागतात, आणि मुलीच्या नावावर खोट्या कागदाचा डाग बसतो. याच विभागाची उच्च श्रेणी शिक्षणाची शिष्यवृत्ती मात्र ८ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला चालते आणि वर्षाला २ लाखांपर्यंत फी देते. ती केंद्राच्या यादीतल्या नामांकित संस्थांपुरतीच आहे. कॉलेज त्या यादीत आहे का, एवढं एकदा तपासा.

तुमचं ठिकाण महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्त्यांचं पोर्टल. राज्याची दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तिथे आहे. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा रहिवास हे तिचे मुख्य आधार. निर्वाहभत्ता फार मोठा नाही हे आधीच सांगते, फीचा भाग मोलाचा. त्याच पोर्टलवर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे, ८ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला. एकाच फीसाठी दोन ठिकाणचे पैसे मिळत नाहीत, म्हणून आधी कागदावर बेरीज करा: कोणत्या योजनेत फी जास्त सुटते? अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांच्या पालकांना मी नेहमी सांगते की दिव्यांग योजनेवर लगेच उडी मारू नका. त्यांच्या प्रवर्गाच्या योजनेत बरेचदा जास्त पैसे सुटतात.

अर्ज भरणं सोपं आहे, अडतं ते पुढे. एका मुलाचे दोन वर्षांचे पैसे 'आलेच नाहीत' म्हणून त्याचे बाबा माझ्याकडे आले. पैसे आले होते. शाळेत असताना गावी सावंतवाडीच्या बँकेत त्याचं खातं उघडलं होतं आणि आधार त्याच खात्याला जोडलेलं राहिलं होतं. मुंबईतलं नवं खातं फॉर्मवर लिहिलं तरी सरकारचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच जातात. बँकेत जाऊन आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे ते विचारा, मुलीच्या नावाच्या, सध्या वापरात असलेल्या खात्याला करून घ्या. नावांचंही तसंच. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. युडीआयडीवर कुणीतरी स्पेलिंग बदललेलं. तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासा आणि दुरुस्ती आत्ता करा, जुलैमध्ये सेतूत रांग असते.

दुसरी अडचण कर्णबधिर मुलांचीच खास आहे. हेल्पलाइन म्हणजे फोन. कॉलेजचा क्लार्कही फोन करतो. फोन घेता येत नाही म्हणून घरातली मंडळी किंवा सायबरवाला सगळं आपल्या हातात घेतो. एका मुलीच्या अर्जावर सायबरवाल्याचाच मोबाइल नंबर होता. अर्ज त्रुटीसाठी परत आला, ओटीपी त्याच्याकडे गेला, त्याने दुकान बदललं आणि वर्ष वाया गेलं. लॉगिन, पासवर्ड, ईमेल आणि मोबाइल तुमच्या मुलीचाच हवा. आठवड्यातून एकदा तिने स्वतः स्टेटस पाहावं. अर्ज भरल्यावर तो कॉलेजच्या लॉगिनमध्ये जातो, आणि बरेच अर्ज तिथेच पडून मरतात. प्रिंट घेऊन शिष्यवृत्तीच्या खिडकीवर जा आणि अर्ज पुढे गेला का ते विचारा. दोन आठवड्यांनी पुन्हा जा. मुलीने प्रश्न कागदावर लिहून दाखवला तरी चालतो. लिहिलेल्या प्रश्नाला उत्तरही नीट मिळतं, हा माझा अनुभव आहे.

फीपलीकडचा खर्च कुणी मोजत नाही. मशीन जुनं झालं की वर्गातलं अर्धं बोलणं हरवतं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर मशीन मोफत, आणि ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत मिळतं. तुमचा महिन्याचा हिशेब २८ हजारांच्या आसपास येतो, म्हणजे निम्मी मदत मिळू शकते. वांद्र्याच्या त्याच संस्थेत चौकशी करा, प्रमाणपत्राच्या फेरीतच हे काम होईल. लोकलच्या पासाबद्दल पालक हमखास विचारतात. रेल्वेची ५० टक्के सवलत ऐकणं आणि बोलणं दोन्ही नसलेल्यांसाठी आहे. तुमची मुलगी बोलते, तेव्हा तिला विद्यार्थ्यांचा नेहमीचा सवलतीचा पास घ्या.

आणि परीक्षेतला जादा वेळ. हा पैशाचा विषय वाटत नाही, पण आहे. नापास झालं की शिष्यवृत्तीचं नूतनीकरण अडतं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासाला किमान २० मिनिटं जादा मिळायला हवीत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पहिल्या सत्राच्या आधीच परीक्षा विभागाला युडीआयडी जोडून अर्ज द्या. वर्गात पुढचा बाक, शिक्षकांच्या नोट्स, आणि सांकेतिक भाषा वापरणाऱ्या मुलांना दुभाषी, हेही मागायचा हक्क आहे. यासाठी कॉलेजच्या समान संधी कक्षाला पत्र द्या.

एवढं करूनही कमी पडलं तर मुंबईतल्या धर्मादाय ट्रस्टांकडे वळा. या शहराची ही जुनी श्रीमंती आहे: ज्ञातींचे, व्यापाऱ्यांचे, देवस्थानांचे कितीतरी ट्रस्ट शिक्षणाला पैसे देतात. पण 'मुलगी अपंग आहे, मदत करा' असं पत्र लिहू नका. हिशेब लिहा. एकूण खर्च किती, सवलतीतून किती सुटला, आपण किती भरतो, कमी किती पडतात. कमी पडणारा आकडा नेमका असेल तर ट्रस्टचे लोक लवकर निर्णय घेतात. सोबत गुणपत्रिका, युडीआयडी, फीची पावती. महापालिकेतही विचारा, कारण स्थानिक स्वराज्य संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. कर्ज हा शेवटचा पर्याय. राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त व विकास महामंडळ आणि विद्यालक्ष्मी पोर्टल या दोन ठिकाणी पाहा, खासगी सावकाराकडे जाऊ नका.

एक सल्ला तुम्हाला नातेवाईक देतील, आणि तो ऐकू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे: "पोरीला नीट ऐकू येत नाही, पैसेही नाहीत, बाहेरून बी.ए. करू दे." मुक्त विद्यापीठ नोकरी करणाऱ्यांसाठी उत्तम आहे. पण अठरा वर्षांच्या कर्णबधिर मुलीला घरी बसवून पदवी दिली तर तिला मैत्रिणी, ग्रंथालय, प्रोजेक्टमधली वादावादी, यातलं काहीच मिळत नाही. ऐकू कमी येणाऱ्या मुलीला माणसांत राहण्याची गरज जास्त असते. सांकेतिक भाषेत शिकणाऱ्या मुलांसाठी टीच ही संस्था मुंबईत पदवीच्या शिक्षणाला मदत करते. तुमची मुलगी मशीनवर ऐकते, तरी तिथल्या मोठ्या मुलांना एकदा भेटवा. कॉलेजात काय काय मागता येतं हे ती मुलं तिला माझ्यापेक्षा नेमकं सांगतील.

या आठवड्यात एवढं करा: पोर्टलवर युडीआयडीचा अर्ज, बँकेत आधार सीडिंगची चौकशी, आणि तिन्ही कागदांवरची नावं जुळवणं. वांद्र्याला तपासणीला जाल तेव्हा जुना ऑडिओग्राम, जुनं प्रमाणपत्र, आधार आणि फोटो एका फाइलमध्ये घ्या. ती फाइल मुलीच्या हातात द्या. खिडकीवरचा माणूस तुमच्याकडे बघून विचारेल. उत्तर तिला देऊ द्या, वेळ लागला तरी.